नवरीच्या आईला शून्य

दिवा स्टेशनच्या पूर्वेला आमचं घर होतं, तिसऱ्या मजल्यावर. त्या घरात ऊन सकाळी दहाला यायचं आणि साडेदहाला निघून जायचं. समोरच्या दोन इमारतींच्या मध्ये एक फट होती, तेवढ्यातून ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडायचं. बाकी दिवसभर ट्यूबलाइट. आई त्या अर्ध्या तासाला जपायची. पाणी भरून झालेलं असायचं, वडील आणि ताई कामाला गेलेले असायचे, आणि ती मोड आलेले वाल पुढ्यात घेऊन बरोबर त्या उन्हात बसायची. एकेक दाणा दोन बोटांत दाबायची, साल एकीकडे, डाळ दुसरीकडे. उन्हात बसलं की नीट दिसतं, असं तिचं म्हणणं. मी समोर पाटावर बसून तिच्याकडे बघत असायचे.

तिच्याकडे बघायचा हा उद्योग मला माझ्या पहिल्या गुरूंनी लावला होता. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. बी.कॉम. झाल्यावर चार महिने घरी बसून मी कंटाळले आणि एक दिवस सरळ आत शिरून म्हटलं, मला कॅमेरा शिकवा. त्यांना सगळे काका म्हणायचे. कल्याणजवळच्या एका गावातले, मूळचे शेतकरी. त्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे होते, तरी बोलणं अजून बांधावरचंच होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"धा-धा तास उभं राहायला जमंल?"

"जमेल."

"मंग तीन महिने कॅमेऱ्याला हात लावायचा नाय. एक वही घे. रोज एका माणसाकडे बघायचं आणि उजेड कुठनं येतो, कुठं पडतो, तेवढंच लिहायचं. आधी उजेड बघ, मंग माणूस."

मला राग आला. मी कॅमेरा शिकायला गेलेले, शुद्धलेखन काढायला नाही. पण दुसरं कोणी दारात उभं करणार नव्हतं, म्हणून दोनशे पानी वही आणली. आणि रोज बघायला घरात माणूस एकच होतं.

ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिली पानं नुसती रडकी आहेत. "आई. ऊन डावीकडून. नाकाची सावली उजव्या गालावर." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवसांनी जरा डोळे उघडलेले दिसतात. "आज ढग. सावली नाही. डोळ्यांखालची वर्तुळं कमी दिसतात." मग एक दिवस, "स्टीलची परात उन्हात सरकली की तिच्यावरून उजेड उलटा आईच्या हनुवटीखाली जातो. मान उजळते." काकांनी त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली. म्हणाले, "हे बरोबर बघितलंस. शिनेमावाले याच्यासाठी थर्माकोल धरतात." मी दिवसभर हवेत होते. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, परातीला कसलं आलंय कौतुक, घासायला जड आहे मेली.

त्याच वहीत पुढे एका पानावर लिहिलंय, "आईचा रंग. चिंच लावायच्या आधीच्या तांब्याच्या घागरीसारखा. गालाच्या हाडावर लाल, डोळ्यांच्या कडेला जांभळट." लिहिताना मला वाटलं होतं, काय भारी सुचलंय. पुढे अशी वेळ आली की आईच्या रंगाचा तेवढाच पुरावा माझ्याकडे उरला, आणि तोही शब्दांत.

तीन महिन्यांनी कॅमेरा हातात आला. तेव्हा काकांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, कागद. हॉल असो, गच्ची असो की अंगणातला मांडव, तिथे पोचलं की आधी एक पांढरा कोरा कागद कुणाच्या तरी हातात द्यायचा, कॅमेरा त्याच्यावर रोखायचा आणि दहा सेकंद रेकॉर्ड करायचं. मांडवाचं कापड पिवळं असेल तर कागद पिवळा दिसतो, ट्यूबखाली हिरवट दिसतो. कागद पांढरा आहे हे आपल्याला पक्कं माहीत असतं. म्हणून त्याच्यावरून कॅमेऱ्याला सांगता येतं की बाबा, इथला उजेड खोटं बोलतोय, तेवढं वजा कर. काका त्याला कागदाचा शॉट म्हणायचे. लग्नाच्या कॅसेटमध्ये तो कधीच येत नाही, एडिटिंगला कापून टाकतात. आणि हो, जग पेन ड्राइव्हवर गेलं तरी काकांच्या दुकानात कॅसेटच म्हणायचे.

दुसरी गोष्ट, घरं. कॅमेऱ्यावर एक चाक असतं, त्याने चित्रातला उजेड कमी-जास्त होतो. एक घर वर घेतलं की उजेड दुप्पट. त्या चाकाचा काकांनी एक कायदाच करून टाकला होता आणि दुकानातल्या सगळ्यांना तो पाढ्यासारखा पाठ होता. नवरीला दोन घरं वर. वरमाईला दीड. नवऱ्याला एक. नवऱ्याच्या आत्या, काक्या, माम्यांना अर्धं. बाकी सगळ्यांना शून्य, म्हणजे जसे आहेत तसे.

"आणि नवरीची आई?" मी विचारलं.

"शून्य."

"का?"

"ती कुठं कॅसेट बघते? तिचं सगळं लक्ष पोरीकडं. वरमाय बघते, चार येळा थांबवून बघते. ती काळी दिसली तर आपलं पुढलं काम गेलं समज. आणि नवरी तर गोरी दिसलीच पायजेल."

ऐकून मी हसले होते. आंबिवलीपासून ठाण्यापर्यंत काकांनी केलेली कुठलीही कॅसेट लावा, नवऱ्याकडची माणसं उजळ आणि नवरीकडची सावळी. बघणाऱ्यांना वाटायचं, पोरीने नशीब काढलं, गोऱ्यागोमट्या घरात पडली. कुणालाही संशय यायचा नाही. पण जसजशी मी स्वतः ते चाक फिरवायला लागले, तसतसं माझं हसू आटत गेलं. मानपानाची उतरंड साड्यांत असते, पंगतीत असते, ते माहीत होतं. आता उजेडातही होती आणि ती माझ्या अंगठ्याखाली होती.

दोन वर्षांनी माझ्या ताईचं लग्न ठरलं. काकांनी कॅमेरा काढून माझ्या हातात दिला, म्हणाले, घरचं कार्य आहे, तूच कर. हळद आमच्या इमारतीच्या गच्चीवर होती, सकाळची. वर झेंडूच्या रंगाचं कापड ताणलेलं, त्यावर रणरणतं ऊन, आणि खाली सगळं गणगोत कावीळ झाल्यासारखं पिवळं. कागद धरायला कुणी मोकळं सापडेना. आई एका कोपऱ्यात हळद कालवत होती, मी तिलाच उठवलं. ती कुरकुरली, पण उभी राहिली. दहा सेकंदांनी सुटली आणि परत हळदीकडे पळाली.

मग ती ताईला हळद लावायला पुढे आली. मी चाकावर अंगठा ठेवला. नवरीच्या आईला शून्य, जशी आहे तशी. ताईला बघायला आलेल्या लोकांतली एक बाई आईच्याच हातचे पोहे खाता खाता म्हणाली होती, "मुलगी आईवर नाही गेली, बरं झालं." आई कपात चहा ओतत राहिली होती आणि एक थेंब बशीत सांडला नव्हता. मला ते सगळं त्या क्षणी आठवलं, आणि म्हटलं, खड्ड्यात गेला काकांचा कायदा, आज आईला नवरीचा मान देऊ. दोन घरं वर घेतलं. पण ती ताईपेक्षा बरीच सावळी, दोनात भागेना. तिसरं घर घेतलं. चेहरा झळाळला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिच्या कपाळावर आणि गालांवर तिरप्या रेघा वळवळायला लागल्या. इथे उजेड फार झाला, असं कॅमेरा त्या रेघांनी सांगत असतो. काका त्यांना मुंग्या म्हणायचे. मुंग्या आल्या तर येऊ देत, मी म्हटलं. त्या दोन दिवसांत जिथे जिथे आई आली, तिथे तिथे मी तीन घरं वर घेतलं.

नवरीची आई कॅसेट बघत नाही, हा काकांचा अंदाज साफ चुकला. आईने ती सात-आठ वेळा बघितली. शेजारणींना बोलावून दाखवली. "अगो बाय, मी येवढी गोरी दिसतंय?" म्हणत टीव्हीच्या अगदी जवळ गेली, हाताने काच पुसली. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. एकदा मात्र ती एकटीच बघत बसली होती आणि मी आल्याचं तिला कळलं नाही. पडद्यावर ती स्वतः ताईच्या गालाला हळद लावत होती. ती हळूच म्हणाली, "बाई चांगली आहे हो दिसायला." ओळखपाळख नसलेल्या एखाद्या बाईबद्दल बोलावं, तसं. मी ते ऐकलं आणि चहा टाकायला आत गेले.

लग्नानंतर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत आई गेली. अकरा दिवसांचं आजारपण. त्याबद्दल मला अजून लिहवत नाही. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, तेव्हा घरातल्यांनी त्याच कॅसेटमधली एक फ्रेम निवडली. सगळ्यांचं एकच म्हणणं, यात काय सुरेख दिसते. फोटो मोठा करून देणाऱ्यानेही आपल्या परीने अजून थोडी पावडर लावली. आणि मलाही तो फोटो सुरेखच वाटला होता.

त्यानंतर काकांकडे माझं मन लागेना. प्रत्येक मांडवात एक नवरीची आई असायचीच, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. एक दिवस फुटकळ कारणावरून मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्ही माणसं रंगवता, दाखवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पायऱ्या उतरताना मागून एवढंच म्हणाले, "जाशील तिथं कागद विसरू नको."

मी ठाण्याला गेले. घोडबंदर रोडच्या बाजूला मालिकांची शूटिंगं चालतात, तिथे एका कॅमेरा करणाऱ्या मॅडमच्या हाताखाली लागले. मॅडम मोजकं बोलायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हां शिकाऊ लोकांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि एका खिडकीचा शॉट लावला. खिडकीबाहेरचं आकाश पांढरंफटक होतं. "खाली आणा," म्हणाल्या. मी आणलं. आकाश पांढऱ्याचं करडं झालं, ढग काही आले नाहीत. मग त्यांनी एका अंधाऱ्या खोलीचा शॉट लावला आणि तो वर न्यायला सांगितला. चित्र दाणेदार झालं, खराब झालं, पण कोपऱ्यातली खुर्ची दिसायला लागली.

"काळ्यात चित्र दबलेलं असतं, थोडंफार परत काढता येतं," मॅडम म्हणाल्या. "पांढरं फुटलं की तिथे काहीच उरत नाही. कॅमेऱ्याने ते टिपलेलंच नसतं. परत कुठून आणणार?"

बाकीचे माना डोलवत वहीत लिहून घेत होते. मला मुंग्या दिसत होत्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी लॅपटॉपवर हळदीची क्लिप उघडली आणि उजेड खाली आणायला लागले. एक घर. दोन. तीन. साडीचा मोरपंखी रंग परत आला. मागचं कापड परत आलं. आईच्या बुचड्यातला गजरा परत आला, त्यातली एकेक कळी वेगळी दिसायला लागली. चेहरा मात्र सपाट करडा झाला, त्यात डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या शिल्लक. मी घाईघाईने सगळं परत वर नेऊन ठेवलं. काकांच्या त्या अन्यायी कायद्याने वागले असते, तिला शून्यावर ठेवलं असतं, तर ती आज तिथे असती. प्रेमाच्या भरात मी माझ्या आईचा चेहरा पुसून टाकला होता.

मग मी वेड्यासारखी फोटो शोधायला लागले. ताईच्या फोनमध्ये होते, पण त्या फोनला माणूस दिसला की गाल गुळगुळीत आणि गुलाबी करायची खोड होती. वडिलांच्या फोनमध्ये ती कुठल्यातरी बारशाला मागे उभी होती, हललेली. आधार कार्डावरची आई कुणाचीच आई वाटत नाही. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये चेहऱ्यावर पावडरचा थर आणि मान निराळ्याच रंगाची. आईच्या माहेरी, कोकणातही विचारलं. त्यांनी जो फोटो पाठवला तो मीच काढून त्यांना दिलेला होता, तीन घरं वरचा.

त्याच सुमारास मॅडमनी आम्हांला एक काम दिलं. सेट रिकामा होता, त्यात आपल्या माहितीतल्या एखाद्या घराचा उजेड उभा करायचा. मी डावीकडे एक लाइट लावला, त्याच्यापुढे दोन काळी कापडं टांगून मध्ये फट ठेवली. सेटवरचं सामान पुरवणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याकडून स्टीलची परात आणली आणि जमिनीवर ठेवली, बरोबर जागेवर. परातीवरून उजेड वर उडाला. सगळं दहा वाजून दहा मिनिटांचं होतं. आमच्या खऱ्या घरात तर ते आता कधीच होत नाही, त्या फटीत तिसरी इमारत आली आणि वडील दिवसभर ट्यूबखाली पेपर वाचतात. मॅडमनी बघितलं, मान हलवली, म्हणाल्या, "सुंदर. पण माणूस कुठेय?" मी म्हटलं, जागा नुसती ठेवली आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मला त्यांचा त्याबद्दल फार आधार वाटला.

इतकं होऊनही जवळजवळ पाच वर्षं मी ते दुःख एकटीनेच गिळलं, आणि पुढेही तशीच बसले असते. पण ताईच्या मुलीने ते होऊ दिलं नाही.

ताई आता डोंबिवलीला राहते. तिची मुलगी पाच वर्षांची आहे आणि थेट माझ्या आईच्या रंगाची आहे. ताईच्या सासरी सगळे गोरे. माणसं वाईट नाहीत, पण पोरीला आठवड्यातून दोनदा साय आणि बेसन लावतात, उन्हात खेळू देत नाहीत, आणि आल्यागेल्याला सांगतात की मोठी झाली की उजळेल. एका रविवारी मी गेले, तर ती ताईकडेही लावलेल्या आमच्या आईच्या त्याच फोटोखाली मान वर करून उभी होती.

"मावशी, आजी गोरी होती ना?"

"नाही गं. तुझ्यासारखी होती. अगदी तुझ्यासारखी."

तिने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खोटं बोलतेस. फोटोत बघ ना. व्हिडिओमध्ये पण गोरीच आहे. आई गोरी, पप्पा गोरे, आजी पण गोरी. मग मीच कशी अशी?"

ताई ओट्याशी कणीक मळत होती. तिचा हात थांबला. ती वळली आणि म्हणाली, "एक तरी फोटो शोध ना गं आईचा. खरा. हिला दाखवायला. एवढं कॅमेऱ्याचं शिकलीस, एक फोटो देता येत नाही तुला?"

मी पुढच्या वेळी वही घेऊन गेले आणि पोरीला मांडीवर घेऊन ते पान वाचून दाखवलं. चिंच लावायच्या आधीची तांब्याची घागर. तिने शहाण्यासारखं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तांबं म्हणजे काय?" त्यांच्या घरात सगळी भांडी स्टीलची. मी वही मिटली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सेटवर एक नवीन मुलगी कॅमेऱ्यासमोर पांढरं कार्ड धरून उभी होती. रोजचंच काम, मी पडद्याकडे बघत होते. कार्डाच्या कडेला तिची बोटं दिसत होती, एका बोटात अंगठी. आणि मला एकदम आठवलं की कागद कधीच आपला आपण हवेत उभा नसतो. तो कुणाच्या तरी हातात असतो. आणि कागदाच्या शॉटला चाक शून्यावर असतं, नाहीतर कागदच फुटेल.

माझ्याकडे होत्या त्या निवडून घेतलेल्या क्लिपा, त्यांत कागदाचा शॉट असणं शक्य नव्हतं. मूळ सगळं काकांकडे. मी पाच वर्षांनी विठ्ठलवाडीच्या त्या पायऱ्या चढले. काका जरा वाकले होते. मी कशाला आले ते सांगितलं, तीन घरांसकट सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, हातातला टेप गुंडाळत.

"मी तर तुला शून्य सांगितलेलं गो," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मूळ क्लिपा ठेवता का, काका?"

"वरीसभर ठेवतो, मंग पुसतो."

मी उठायला लागले.

"बस. तुझ्या घरचं नाय पुसलं. आई गेली ना तुझी. मंग पुसवंना."

त्यांनी कपाटातून एक डिस्क काढली. हळदीच्या फोल्डरमधली पहिलीच क्लिप होती, अकरा सेकंदांची. काकांनी उघडली आणि मध्येच थांबवली, तर सगळं पिवळंधमक, मधोमध पिवळा कागद, कागदामागे डोक्याचा वरचा भाग आणि खाली मोरपंखी साडी. चेहरा पूर्ण झाकलेला. मी काही बोलणार एवढ्यात काका म्हणाले, "थांब. कागद हाय म्हंजे सगळं हाय." त्यांनी कागदावर एकदा क्लिक केलं. पिवळेपणा उतरला. कागद पांढरा झाला, चुडा हिरवा झाला, आणि कागदाच्या दोन्ही कडांना आईची चार-चार बोटं होती.

टोकांना हळद. नखांच्या कडेला वाल सोलून पडलेला काळा रंग. उजव्या मनगटावर तव्याचा जुना डाग. पेरांवर काळसर, हाताच्या पाठीवर लालसर, बोटांच्या बेचक्यात जांभळट. कुठेही मुंगी नाही, काही फुटलेलं नाही. मी वहीत लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मी काकांच्या दुकानात मोठमोठ्याने रडले. काकांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

डोंबिवलीला गेले तेव्हा पोरीला लॅपटॉपपुढे बसवलं. "हे आजीचे हात," म्हटलं. ताई मागे उभी राहिली, ओढणी तोंडाशी धरून. पोरीने बराच वेळ बघितलं. मग आपला हात उलटा करून पडद्यावर ठेवला, आजीच्या बोटांशेजारी, आणि तसाच ठेवून ती म्हणाली, "माझाच आहे हा." ताईने भिंतीवरचा फोटो त्याच दिवशी उतरवला. आता तिथे दोन हात आणि एक कोरा कागद आहे. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं.

पोरगी ती क्लिप पुन्हा पुन्हा मागते. मी दर वेळी आवाज बंद करूनच लावते. "आजीने तोंड का लपवलं?" असं तिने विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं, लाजली असेल. तिला ते पटलं. पण मी एकटी असते तेव्हा आवाज चालू ठेवून बघते.

पहिल्या सेकंदाला कागद आईच्या छातीशी आहे. कागदाच्या वर तिचा चेहरा आहे, शून्यावरचा, पण फोकस अजून लागायचा आहे, म्हणून तांब्याच्या रंगाचा एक धूसर गोल तेवढा दिसतो. मी तिथे कितीही वेळा थांबवलं तरी त्याला डोळे येत नाहीत. मग माझा आवाज येतो, घाईतला, चिडका. "वर धर ना गं, अजून वर."

"तोंड झाकतंय माझं."

"झाकू दे. तोंड नकोय मला, कागद पाहिजे."

"बरं बाय," ती म्हणते आणि कागद वर घेते.